स्नोमोबाइलचा पट्टा लांब करतात, म्हणजे नेमकं काय करतात?

काश्मीरला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. अंगात भाड्याचा जाड कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि बसायला स्नो स्कूटर. पुढे दोन पट्ट्या, मागे गोल फिरणारा रबरी पट्टा आणि हँडल धरायला स्थानिक चालक. पाच-दहा मिनिटांची फेरी होते, पैसे दिले जातात आणि विषय संपतो.

या गाडीचं मूळ नाव स्नोमोबाइल. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर आणि पश्चिम भाग, अलास्का, स्वीडन, फिनलंड इथे ती अनेकांच्या रोजच्या आयुष्याचा भाग आहे. आपल्याकडे बुलेटवाल्यांचे ग्रुप असतात, सायलेन्सरपासून हँडलपर्यंत सगळं बदलून घेतात, तसाच तिकडे स्नोमोबाइलवाल्यांचाही एक मोठा वर्ग आहे. त्यांच्यात वर्षानुवर्षं चालत आलेली एक दुरुस्ती म्हणजे गाडीचा मूळ पट्टा काढून त्याजागी जास्त लांबीचा पट्टा बसवणं.

ऐकायला हे सायकलची चेन बदलण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात या एका बदलामुळे निम्मी गाडी उघडावी लागते. आणि काम नीट जमलंच, तर ती गाडी माणसाला अशा उतारांवर नेऊ शकते जिथे ती आधी पोहोचतच नव्हती. हाच तिचा फायदा आणि हाच तिचा धोका. तर हे सगळं प्रकरण काय आहे, ते समजून घेऊया.

आधी गाडी चालते कशी, ते बघू

स्नोमोबाइलला चाकं नसतात. पुढे दोन स्की असतात, त्या फक्त दिशा देतात. गाडी पुढे ढकलण्याचं सगळं काम मागचा पट्टा करतो.

हा पट्टा रबराचा असतो. आत मजबूत कापडाचे थर आणि आडव्या फायबरग्लासच्या सळया असतात. बाहेरच्या अंगाला रबराची उभी पाती असतात, ती बर्फात रुततात आणि बर्फ मागे ढकलतात. आतल्या अंगाला छोटे उंचवटे असतात, त्यात दातेरी चाकाचे दात अडकतात.

इंजिनाची ताकद आधी दोन क्लच आणि त्यांच्यामधल्या बेल्टकडे जाते. आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये जशी व्यवस्था असते, साधारण तशीच. तिथून ती एका चेनमधून खालच्या दांड्यावर येते. या दांड्यावर दातेरी चाकं असतात आणि ती पट्टा फिरवतात.

पट्ट्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या दोन समांतर रेल असतात. स्प्रिंगा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि लहान चाकं या रेलवरच बसवलेली असतात. रेलच्या तळाला निसरड्या प्लास्टिकची पट्टी असते आणि पट्टा तिच्यावरून घसरत फिरतो. या प्लास्टिकला वंगण म्हणून तेल किंवा ग्रीस लावत नाहीत. पट्ट्याबरोबर आत येणारा बर्फच वंगणाचं आणि थंड ठेवण्याचं काम करतो. नुसत्या कडक बर्फावर किंवा डांबरावर गाडी पळवली तर हे प्लास्टिक तापून वितळायला लागतं.

या सगळ्यावर उलट्या पन्हाळीसारखं अ‍ॅल्युमिनियमचं छत असतं. त्याला टनेल म्हणतात. चालक या टनेलवरच्या सीटवर बसतो.

ही गाडी आली कुठून?

बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. पण या इतिहासातलं सगळ्यात मोठं नाव जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांचं. 1907 साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकोर्ट या गावी त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षीच त्यांनी जुन्या फोर्ड गाडीचं इंजिन आणि पंखा लावून बर्फावर चालणारी घसरगाडी तयार केली होती. पुढे त्यांनी गावात गॅरेज काढलं.

1934 च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों याला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. संसर्ग पोटात पसरला. दवाखाना दूरच्या शहरात होता आणि बर्फाने सगळे रस्ते बंद होते. बोंबार्डिए तेव्हा बर्फावरच्या गाडीवर काम करत होते, पण ती चालवण्याच्या अवस्थेत नव्हती. मुलगा वाचला नाही.

1937 साली त्यांना दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्यावर आधारलेली बी-7 ही सात माणसांची गाडी बाजारात आली. त्यानंतर बारा माणसांची बी-12 आली. डॉक्टर, टपाल खातं, शाळा, रुग्णवाहिका अशा कामांसाठी या गाड्या वापरल्या गेल्या. एकदोघांना नेणारी हलकी 'स्की-डू' आली ती 1959 मध्ये. 1950 च्या दशकातच अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पोलारिस कंपनीनेही स्नोमोबाइल बनवायला सुरुवात केली होती.

म्हणजे या गाडीचा जन्मच एका प्रश्नातून झाला आहे. मऊ बर्फात न रुतता माणूस पुढे कसा जाईल? पट्टा लांब करणारे लोक आजही त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असतात.

लांब पट्ट्याने फरक काय पडतो?

ताजा, भुसभुशीत बर्फ खूप हलका असतो. पाण्याच्या एका घनमीटरचं वजन 1000 किलो, तर अशा बर्फाचं अनेकदा 50 ते 100 किलोच भरतं. बाकी सगळी हवा. म्हणून त्यावर पाय ठेवला की माणूस कमरेपर्यंत आत जातो.

रुतायचं नसेल तर वजन जास्त जागेवर पसरवावं लागतं. भाताच्या ओल्या खाचरात चाकांचं हार्वेस्टर रुतून बसतं आणि पट्ट्यावर चालणारं हार्वेस्टर आरामात फिरतं, त्यामागे हेच कारण आहे.

आता थोडं ढोबळ गणित करू. रस्त्यासारख्या दाबलेल्या बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचा पट्टा साधारण 121 इंच लांब आणि 15 इंच रुंद असतो. 121 इंच ही त्याच्या पूर्ण वेढ्याची लांबी. त्यातला जेमतेम एक मीटर भाग जमिनीला टेकतो असं धरू. रुंदी 38 सेंटिमीटर. म्हणजे टेकणारं क्षेत्रफळ झालं 3,800 चौरस सेंटिमीटर. गाडी आणि चालक मिळून 350 किलो धरले आणि सगळं वजन पट्ट्यावरच आहे असं मानलं, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 92 ग्रॅम दाब पडतो.

याच गाडीला 154 इंची पट्टा लावला तर वेढा 33 इंचांनी वाढतो. त्यातला निम्मा, म्हणजे साडेसोळा इंच किंवा सुमारे 42 सेंटिमीटर भाग खाली येतो. क्षेत्रफळ जवळपास 5,400 चौरस सेंटिमीटर होतं. नव्या भागांमुळे वजन आठ-दहा किलोंनी वाढलं असं धरलं तरी दाब 66 ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त घट झालीच.

तुलनेसाठी, 75 किलोचा माणूस बूट घालून चालताना एका पायावर येतो तेव्हा हाच दाब 300 ग्रॅमच्या घरात जातो. म्हणून गाडी जिथून सहज गेली, तिथे खाली उतरलेला चालक छातीपर्यंत रुतू शकतो.

दुसरा फायदा चढावर दिसतो. आखूड पट्टा मऊ चढावर जागच्या जागी फिरतो आणि स्वतःसाठी खड्डा खणतो. गाडीचं शेपूट खाली जातं, नाक वर येतं आणि गाडी अडकते. लांब पट्ट्याची जास्त पाती एकाच वेळी बर्फाला धरून असतात. त्यामुळे खड्डा पडायला वेळ लागतो. शिवाय मागचा टेकू लांबल्यामुळे गाडी मागच्या बाजूला उलटण्याची शक्यताही कमी होते.

121, 136, 154, 163... हे आकडे असे विचित्र का?

पट्टा हवा तेवढा कापून जोडता येत नाही. तो अखंड वेढाच तयार होऊन येतो. त्याची लांबी ठरते ती आतल्या उंचवट्यांमधल्या अंतरावर. या अंतराला पिच म्हणतात.

समजा पिच 2.52 इंच आहे. असे 48 भाग जोडले की 120.96 इंच होतात, म्हणजे 121. असेच 54 भाग जोडले की 136. पिच 2.86 इंच असेल तर 54 भागांचे साधारण 154 इंच आणि 57 भागांचे 163 इंच होतात. पिच 3 इंच असेल तर 55 भागांचे 165 आणि 58 भागांचे 174.

पिच आणि दातेरी चाक यांचं जमलंच पाहिजे. 2.52 च्या चाकावर 2.86 चा पट्टा चढवला तर दात आणि उंचवटे एकमेकांवर आदळतात, पट्टा घसरतो आणि काही वेळातच नासतो. जुन्या गाडीचा पट्टा बदलताना होणारी पहिली फसगत इथेच होते. मोडीत निघालेल्या गाडीचा लांब पट्टा स्वस्तात मिळाला म्हणून लोक घेतात आणि घरी आल्यावर पिच वेगळी निघते.

पट्टा बदलायचा तर काय काय उघडावं लागतं?

पट्टा हा बंद वेढा आहे आणि त्याच्या आतून दातेरी चाकांचा दांडा जातो. त्यामुळे पट्टा बाहेर काढायचा तर तो दांडाच बाहेर काढावा लागतो. त्यासाठी चेनच्या पेटीतलं तेल काढा, पेटी उघडा, चेन आणि गिअर सोडवा, बेअरिंग काढा, असा सगळा क्रम येतो. त्याआधी रेल आणि स्प्रिंगांचा संपूर्ण सांगाडा टनेलमधून खाली सोडवून घ्यावा लागतो.

मग खरा प्रश्न येतो. पट्टा लांब झाला, पण आतला सांगाडा जुन्या मापाचाच आहे. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे मूळ रेलच्या मागच्या टोकाला जोड देणं. वेढा 15 इंचांनी वाढणार असेल तर प्रत्येक रेल साडेसात इंचांनी वाढवावी लागते, कारण पट्टा वरून जातो आणि खालून परत येतो. 121 वरून 136 वर जायचं असेल तर अनेकजण हाच मार्ग घेतात. खर्च कमी असतो. पण जोडाच्या जागी ताण येतो. तिथले बोल्ट ढिले पडले किंवा रेलला तडा गेला तर गाडी डोंगरात मधेच बसते.

दुसरा उपाय म्हणजे लांब पट्ट्याच्या दुसऱ्या गाडीतून संपूर्ण सांगाडाच काढून आणणं. हा जास्त भक्कम. पण त्याची टनेलला बसवायची भोकं जुन्या जागी जुळतीलच असं नाही. मग टनेलमध्ये नवी भोकं पाडावी लागतात आणि आतून जाड पत्र्याचा आधार द्यावा लागतो. पुढचं भोक थोडंसं जरी चुकलं तरी पट्टा दातेरी चाकावरून उतरून रेलवर ज्या कोनात येतो तो बिघडतो. स्कीवर किती वजन येणार, हेही त्याच भोकावर ठरतं. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी चारदा मोजतात.

यानंतर टनेल. पट्टा टनेलच्या बाहेर डोकावायला लागला तर मागे पत्र्याचा जोड द्यावा लागतो आणि शेवटी रबरी झडपही मागे न्यावी लागते. ही झडप शोभेची नाही. जोरात फिरणारा पट्टा बर्फाचे खडे आणि दगड गोळीसारखे मागे फेकतो. मागून येणाऱ्या माणसाला त्यापासून वाचवायचं काम झडपेचं आहे.

पात्यांची उंचीही बघावी लागते. रस्त्यावरच्या पट्ट्याची पाती साधारण एक-सव्वा इंचाची असतात, डोंगरातल्या पट्ट्याची अडीच-तीन इंचांपर्यंत. उंच पाती फिरताना टनेलच्या छताला घासू शकतात. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये त्याच छताखाली इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या नळ्या असतात. पाती त्यांना घासली की नळी फुटते आणि पाणी गळून इंजिन तापतं. यावर उपाय म्हणून आठ दातांचं चाक काढून सात दातांचं लहान चाक लावतात, म्हणजे पट्टा थोडा खाली राहतो.

सगळं परत बसवल्यावर पट्ट्याचा ताण आणि सरळपणा तपासायचा. ताण बघायला पट्ट्याच्या मधोमध ठरावीक वजन लटकवून तो किती खाली येतो ते मोजतात. नेमकं माप त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत असतं. सरळपणा बघायला मागचा भाग उचलून भक्कम टेकूवर ठेवतात, पट्टा सावकाश फिरवतात आणि दोन्ही रेलपासून त्याचं अंतर सारखं आहे का ते पाहतात. या वेळी गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही, हा गॅरेजमधला पहिला नियम.

लांब पट्ट्याने गाडीचा वेग बदलतो का?

अनेकांना वाटतं की पट्टा लांब म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाणार. तसं होत नाही.

दातेरी चाक एकदा फिरलं की पट्टा किती सरकणार, हे फक्त दातांची संख्या आणि पिच यांवर ठरतं. आठ दात आणि 2.86 पिच असेल तर एका फेऱ्यात सुमारे 58 सेंटिमीटर. पट्टा 121 इंची असो की 163 इंची, आकडा तोच. उसाच्या चरकाला बांधलेला बेल्ट लांब केला म्हणून चरक जोरात फिरत नाही, तसंच.

पण चाक सात दातांचं केलं की हाच आकडा 51 सेंटिमीटरवर येतो. म्हणजे वेग साडेबारा टक्क्यांनी कमी आणि ओढ त्या प्रमाणात जास्त. स्पीडोमीटर या दांड्याच्या फेऱ्यांवरून वेग मोजत असेल तर तोही चुकीचा आकडा दाखवू लागतो.

डोंगरात मात्र ही कमी झालेली गती हवीच असते. लांब आणि उंच पात्यांचा पट्टा फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. त्यात उंचीवर हवा विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. समुद्रसपाटीला 165 अश्वशक्ती देणारं इंजिन 3,000 मीटरवर 115 च्या आसपास येतं. म्हणून पट्टा बदलणारे लोक चेनच्या पेटीतले गिअर आणि क्लचमधली वजनं आणि स्प्रिंगाही बदलतात. हे न करता नुसता पट्टा लांब केला तर इंजिन दमतं, क्लचचा बेल्ट तापतो आणि तुटतो. रानात बेल्ट तुटणं म्हणजे तिथेच मुक्काम. त्यामुळे जाणकार चालक एक जादा बेल्ट गाडीत ठेवतातच.

मग तोटे काय?

एक, गाडी वळायला कुरकुरते. लांब पट्टा सरळ जायला बघतो. कडक बर्फावर हँडल वळवलं तरी स्की घसरत राहतात आणि गाडी पुढेच जाते. झाडांमधून किंवा वळणाच्या वाटेवर हे त्रासदायक ठरतं.

दोन, कडक वाटेवर उंच पाती तग धरत नाहीत. जास्त वेगाने पळवल्यास ती तापतात आणि तुकडे पडायला लागतात.

तीन, वजन. पट्टा, रेल, टनेलचा जोड, जादा चाकं हे सगळं मिळून काही किलो वाढतात. अडकलेली गाडी हाताने उचलून वळवताना प्रत्येक किलो जाणवतो.

चार, पैसा. चांगल्या कंपनीच्या नव्या पट्ट्यालाच काहीशे डॉलर पडतात. त्यावर सांगाडा, चाकं, गिअर, बेअरिंग. वॉरंटीतल्या गाडीत असे बदल केले तर कंपनी हात वर करू शकते.

मग तयार लांब पट्ट्याची गाडीच का घेत नाहीत? आज बरेच लोक घेतातच. 1990 च्या दशकात डोंगरी स्नोमोबाइलसाठी 136 इंच ही मोठी लांबी मानली जायची. आज कंपन्या 154, 165 आणि 175 इंचांच्या आसपासच्या गाड्या कारखान्यातूनच देतात. वाट आणि मऊ बर्फ दोन्हीकडे चालावी म्हणून 137 ते 146 इंचांचा मधला प्रकारही निघाला आहे. त्यामुळे नवी गाडी घेणाऱ्याला पट्टा लांब करण्याची गरज फारशी उरलेली नाही. हे काम आता मुख्यतः जुन्या गाड्यांवर होतं. इंजिन ठणठणीत आहे, नवी गाडी परवडत नाही आणि गॅरेजमध्ये काम करायची आवड आहे, अशा लोकांसाठी.

खरा धोका कुठे आहे?

इथपर्यंतचे सगळे तोटे पान्याने किंवा पैशाने सुटतात. पुढचा सुटत नाही.

आखूड पट्ट्याची गाडी तीव्र चढावर मधेच अडकते आणि परत फिरते. म्हणजे गाडीची कमजोरीच माणसाला नकळत वाचवत असते. पट्टा लांब झाला की ती अडचण दूर होते आणि गाडी वर वर जात राहते. पण बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावरच होतात. लांब पट्ट्याची गाडी नेमकी याच उतारांवर चढण्यासाठी तयार केलेली असते.

या लोकांमध्ये एक खेळ लोकप्रिय आहे. एकाने उतारावर जमेल तितकं वर जायचं, वळण घेऊन खाली यायचं, मग दुसऱ्याने त्याच्याही वर आपली खूण उमटवायची. जो सगळ्यात वर पोहोचेल तो जिंकला. या खेळात उताराच्या मधोमध भरवेगाने, शेकडो किलोंची गाडी बर्फाच्या थरांवर ताण देत असते. वरचा थर खालच्या कमकुवत थरावरून सुटला की सगळा उतार खाली येतो.

28 डिसेंबर 2008 ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नीजवळच्या हार्वे पास भागात 11 जण स्नोमोबाइलवर गेले होते. हिमस्खलनात त्यांच्यातले काहीजण गाडले गेले. जवळचे साथीदार त्यांना उकरून काढायला धावले, तेव्हा दुसरं हिमस्खलन आलं आणि तेही गाडले गेले. 11 पैकी फक्त तिघे परतले. त्याच प्रांतात रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर 13 मार्च 2010 ला स्नोमोबाइलवाल्यांच्या मेळाव्यावर हिमस्खलन कोसळलं. दोघांचा मृत्यू झाला आणि सुमारे 30 जण जखमी झाले.

या दुर्घटना पट्ट्याच्या लांबीमुळे झाल्या असं म्हणता येणार नाही. पण गाडीची पोहोच वाढते तेव्हा चालकाला बर्फ वाचता येतो का, हा प्रश्न किती गंभीर होतो, ते यातून दिसतं.

म्हणूनच डोंगरात जाणाऱ्यांसाठी तीन वस्तू अनिवार्य मानल्या जातात. अंगावर बांधलेला सिग्नल देणारा आणि पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब काठी आणि फावडं. बरेच जण हवेची पिशवी फुगणारी बॅगही वापरतात. या वस्तू गाडीला नाही, अंगाला बांधलेल्या हव्यात, कारण हिमस्खलनात गाडी आणि माणूस वेगळे होतात. गाडलेला माणूस पहिल्या 10 ते 15 मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत एवढ्या वेळात येऊच शकत नाही. सोबतचा माणूसच काय तो आधार.

त्यावरून दोन साधे नियम आले आहेत. उतारावर एका वेळी एकच गाडी. आणि एखाद्याची गाडी वर अडकली तर दुसऱ्याने मदतीला वर जायचं नाही. अडकलेल्याने स्वतःच ती सोडवायची, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. निघण्याआधी त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचायचा. कॅनडात अ‍ॅव्हलांच कॅनडा ही संस्था आणि अमेरिकेत राज्यांमधली केंद्रं हिवाळ्यात असे इशारे देतात.

आपल्याकडे याचं काय?

भारतात स्नोमोबाइल दोन ठिकाणी दिसते. एक गुलमर्गसारख्या पर्यटनस्थळी, जिथे फेऱ्या बहुतेक दाबलेल्या बर्फावर आणि ठरलेल्या वाटेवर होतात. तिथे लांब पट्ट्याचं काही काम नाही. दुसरं ठिकाण म्हणजे सियाचिनसारखे सैन्याचे बर्फाळ भाग. तिथे स्नो स्कूटरवरून माणसं आणि सामान नेलं जातं आणि मऊ बर्फ, विरळ हवा, वजन ही तिन्ही गणितं रोज प्रत्यक्षात सोडवावी लागतात.

पर्यटकाने मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही. गाडी सुरू असताना तिच्या मागे उभं राहून फोटो काढू नये. आणि मागची रबरी झडप तुटलेली किंवा गायब असेल तर ती गाडी नको म्हणावं. कितीही छोटी फेरी असली तरी.

राहिला पट्टा लांब करणाऱ्यांचा प्रश्न. एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेले रेल, टनेल, दातेरी चाक, गिअर, क्लच असे सगळेच भाग बदलावे लागतात, हे त्यांना गॅरेजमध्ये लगेच कळतं, कारण न बदललेला भाग तुटून तसं सांगतो. या साखळीतली शेवटची कडी म्हणजे चालक. त्याची तयारी जुन्या गाडीच्या मापाचीच राहिली, तर ते सांगायला गॅरेजमध्ये काहीच तुटत नाही. ते डोंगरावर गेल्यावरच कळतं.